हँडबॉल: आधी शिट्टीचा विचार, मग कार्डाचा

फुटबॉलचं रेफरिंग सुरू करून मला जेमतेम दोन महिने झाले होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांची मॅच, आणि आदल्या रात्रीच्या पावसानं मुरमाच्या मैदानाचा लाल राडा झालेला. कॉर्नरवरून आलेला बॉल डीमधल्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीतल्या, एका बॅकला लागला. समोरची टीम आणि टचलाइनवरचे पालक एका सुरात ओरडले, ‘हॅंऽऽड!’ आणि माझी शिट्टी वाजून गेली. पेनल्टी, गोल, एक-शून्य. मॅच संपल्यावर हरलेल्या टीमचे कोच त्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही. मुलाला फक्त कडेनं उभं केलं. पांढऱ्या जर्सीवर बॉलचा ओला लाल ठप्पा उमटला होता, बरोबर खांद्याच्या गोलाईवर, कॉलरपासून चार बोटांवर. ‘सर, हा हात आहे का?’ एवढंच विचारलं त्यांनी.

नव्हता. आणि मी शिट्टी बघून वाजवली नव्हती, ऐकून वाजवली होती.

पुण्यात शाळांच्या, कॉलेजच्या किंवा जिल्हा लीगच्या मॅचेसना नव्यानं शिट्टी हातात घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात हँडबॉल, म्हणजे बॉल हाताला लागण्याचा गुन्हा, छळतो. ऑफसाइड समजतो, फाउल दिसतो, पण हँडबॉल म्हटलं की मैदानावरच्या बावीस जणांचे बावीस नियम. गोंधळाचं मूळ असं की आपण दोन निर्णय एकातच उरकायला जातो. गुन्हा झाला का, हा एक निर्णय. गुन्ह्याला कार्ड किती, हा दुसरा. ‘मुद्दाम केलं का?’ हा प्रश्न सगळे पहिल्या निर्णयाला लावतात. आजच्या नियमांत त्याचं खरं वजन दुसऱ्या निर्णयात आहे. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

हात कुठून सुरू होतो

आरशासमोर उभे राहा, हात सैल सोडा. काखेच्या सगळ्यात खालच्या टोकापासून दंडावर एक आडवी रेघ आहे असं समजा. रेघेच्या खाली हात, वर खांदा. खांद्यानं बॉल अडवा, ढकला, गोल करा, सगळं चालतं. ही रेघ २०२०च्या नियमपुस्तकात स्पष्ट शब्दांत आली, त्याआधी ‘हात’ म्हणजे नेमकं कुठून हे ज्याच्या त्याच्या अंदाजावर होतं.

काही जण सोपी खूण सांगतात: हाफ बाहीची जर्सी जिथं संपते तिथून हात. आपल्याकडे ही खूण वापरू नका. शाळेतल्या पोरांच्या जर्स्या वाढत्या अंगाच्या घेतलेल्या असतात, बाही कोपरापर्यंत लोंबते. बाही बघून निर्णय दिलात तर अर्धा हात माफ होईल. काखच बघा.

लागला म्हणजे गुन्हा झाला असं नाही

नियम क्रमांक १२ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय: हाताला बॉल लागण्याची प्रत्येक घटना गुन्हा नसते. गुन्हा व्हायला तीन वाटा आहेत. तिन्हींतली एकही लागू होत नसेल तर खेळ चालू ठेवायचा, टचलाइनवरून कोण काय ओरडतंय याकडे लक्ष द्यायचं नाही.

पहिली वाट मुद्दाम हात लावण्याची. हात बॉलकडे गेला की बॉल हाताकडे आला, हा जुना प्रश्न इथं कामाचा आहे. हाताची हालचाल बघा. बॉल लांबून येत होता, खेळाडूला तो दिसत होता, हात बाजूला घ्यायला वेळ होता आणि तरी हात तिथंच राहिला किंवा बॉलच्या दिशेनं सरकला, तर मनात शंका ठेवायचं कारण नाही. दीड मीटरवरून मारलेला बॉल पापणी लवायच्या आत हातावर आदळला, तर तिथं ‘मुद्दाम’ म्हणता येत नाही.

पण तेवढ्यानं तो सुटला असंही नाही, कारण दुसरी वाट उरते आणि सगळे वाद तिथंच होतात. खेळाडूनं हात अशा जागी ठेवला का, की त्याचं शरीर अनैसर्गिकपणे मोठं झालं? इथं हेतू विचारायचा नाही. विचारायचं एवढंच: त्या क्षणी तो जे करत होता, म्हणजे धावणं, वळणं, उडी मारणं, पडणं, त्या हालचालीत हात तिथं असणं साहजिक होतं का? असेल तर खेळ चालू. नसेल तर त्यानं धोका पत्करलाय, आणि बॉल लागला तर जबाबदारी त्याची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हे वाचून कळत नाही, डोळ्यांसमोर आणावं लागतं. विंगर लाइनवरून क्रॉस टाकतोय, म्हणजे कडेनं गोलसमोर बॉल मारतोय, आणि बॅक त्याच्यासमोर पळत येतोय. पळताना हात पुढे-मागे होणारच, कोपरात वाकलेले, अंगालगत. क्रॉस त्या हातावर आपटला तर मी शिट्टी वाजवत नाही. तोच बॅक थांबला, पाय रोवले आणि दोन्ही हात विटी-दांडूत झेल घ्यायला उभं राहावं तसे पसरले, तर अंतर दोन मीटर असो की दहा, शिट्टी वाजवतो. अंतर कमी होतं, ही पळवाट या दुसऱ्या प्रसंगात चालत नाही.

उडीचं तसंच. माणूस हात न हलवता उडी मारूच शकत नाही. करून बघा, विनोदी दिसतं. म्हणून हेडरला उठताना हात खांद्याच्या पातळीपर्यंत येणं साहजिक आहे. पण उडीचा वरचा टप्पा संपून खाली येताना हात डोक्याच्या वर उभा असेल, तर तो समतोलासाठी राहिलेला नाही.

स्लाइड टॅकलमध्ये नवे रेफरी सगळ्यात जास्त चुकतात. घसरताना एक हात जमिनीला टेकतो, त्याच्यावर अंगाचा भार असतो. तो हात आधाराचा. बॉल त्याला लागला तर बहुतेक वेळा गुन्हा नाही. दुसरा हात मात्र वर, झेंड्यासारखा उभा असेल आणि क्रॉस त्याला अडला, तर तो हात तिथं कशासाठी होता? टॅकल त्याच्याशिवायही झाली असती. एकाच खेळाडूच्या एकाच घसरणीत एक हात निर्दोष आणि दुसरा दोषी असू शकतो, म्हणून ‘स्लाइड होती ना, सोडून दे’ किंवा ‘स्लाइड होती ना, पेनल्टी’ असे ठोकताळे डोक्यात ठेवू नका.

स्वतःच्याच मांडीला किंवा डोक्याला लागून बॉल हातावर उडाला तर? आधीच्या नियमपुस्तकात याला वेगळी सूट लिहिलेली होती, २०२१ मध्ये ती कलमं काढली आणि निर्णय रेफरीवर सोडला. व्यवहारात फार फरक पडला नाही. असा बॉल अनपेक्षित असतो, आणि हात साहजिक जागी असेल तर मी खेळ चालू ठेवतो.

२०२२च्या वर्ल्ड कपचा अंतिम सामना आठवा. एक्स्ट्रा टाइमच्या शेवटाकडे फ्रान्सच्या एम्बापेचा फटका अर्जेंटिनाच्या मोंतिएलच्या कोपराला लागला आणि रेफरी मार्चिनियाकनं पेनल्टी दिली. मोंतिएलनं मुद्दाम हात घातला असं कुणी म्हणणार नाही. पण अंगापासून बाहेर आलेल्या कोपरानं फटका अडवला. दुसरी वाट म्हणजे काय हे शिकवायला याहून स्पष्ट प्रसंग माझ्याकडे नाही.

तिसरी वाट फक्त गोल करणाऱ्यासाठी आहे आणि तिच्यात दयामाया नाही. खेळाडूच्या हाताला लागून बॉल सरळ समोरच्या गोलमध्ये गेला, किंवा हाताला लागल्यावर लगेच त्याच खेळाडूनं गोल केला, तर गोल रद्द. चुकून लागला असला, हात अंगाला चिकटलेला असला, तरीही. ‘त्याच खेळाडूनं’ आणि ‘लगेच’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. चुकून हाताला लागून बॉल सहकाऱ्याकडे गेला आणि त्यानं गोल केला, तर २०२१ पासून तो गोल चालतो. इथं लोक हमखास २००९चा फ्रान्स-आयर्लंड सामना पुढे करतात, ज्यात थिएरी हेन्रीनं हातानं बॉल आवरला आणि गॅलासनं गोल केला. गोल सहकाऱ्याचा होता म्हणून आज तो चालला असता का? नाही. हेन्रीचा हात मुद्दाम होता, तो पहिल्या वाटेवरच अडकतो.

गोलीचं काय

आपली पोरं गोलकीपरला गोली म्हणतात, मीही तेच म्हणतो. स्वतःच्या पेनल्टी एरियाबाहेर, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीबाहेर, गोलीचे हात इतर खेळाडूंच्या हातांसारखेच. १९१२ पर्यंत गोली आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही हात लावू शकत होता, ती चैन तेव्हाच संपली. लाइनवरच्या बॉलला मात्र नीट बघा. गोलीचे पाय कुठं आहेत याला महत्त्व नाही, हात आणि बॉल कुठं भेटले ते महत्त्वाचं. लाइन एरियातच मोजली जाते. पाय आत पण बॉल पूर्ण लाइनबाहेर हातात, तर गुन्हा. पाय बाहेर पण बॉल लाइनवर, तर नाही.

एरियाच्या आत गोलीनं हात लावू नये असे प्रसंग वेगळे: सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं दिलेला बॅकपास, सहकाऱ्याचा थेट आलेला थ्रो-इन, किंवा हातातून सोडलेला बॉल दुसऱ्या कुणाला लागायच्या आत पुन्हा धरणं. यात इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल करता येत नाही ती, आणि कार्ड नाही. बॅकपास गोलमध्ये शिरत होता आणि गोलीनं हातानं वाचवला, तरीही कार्ड नाही. समोरची टीम लाल कार्ड मागेल, तुमचा चेहरा शांत ठेवा. अपवाद एकच: गोलीनं स्वतः गोलकिक किंवा फ्री किक घेतली आणि दुसऱ्या कुणाला लागायच्या आत पुन्हा स्वतःच बॉल खेळून चांगला हल्ला किंवा गोल अडवला, तर कार्ड द्यावं लागतं.

जाता जाता: १ जुलै २०२५ पासून गोलीनं बॉल आठ सेकंदांहून जास्त हातात ठेवला तर फ्री किक नाही, कॉर्नर द्यायचा. शेवटचे पाच सेकंद हात वर करून बोटांनी मोजून दाखवायचे. आपल्याकडे अजून बऱ्याच कोचना हे माहीत नाही, मॅचआधी सांगून टाका.

शिट्टी वाजली, बॉल कुठं ठेवायचा

हे चटकन. हँडबॉल म्हणजे डायरेक्ट फ्री किक, हात लागला त्या जागेवरून. बचाव करणाऱ्यानं स्वतःच्या पेनल्टी एरियात केला तर पेनल्टी. पुण्यात सगळे या चौकटीला ‘डी’ म्हणतात, हॉकीकडून आलेला शब्द. फुटबॉलमध्ये खरा डी म्हणजे चौकटीबाहेरची ती कमान, आणि तिथं केलेल्या हँडबॉलला पेनल्टी नसते. ‘सर, डीमध्येच होता!’ असं कुणी म्हटलं तर तो कदाचित शब्दशः खरं बोलत असतो.

आता कार्ड

गुन्हा ठरला, जागा ठरली. आता खिशाकडे हात नेण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारा. या हातानं नेमकं काय अडवलं? आणि हात मुद्दाम होता का?

काहीच विशेष अडवलं नसेल, म्हणजे मधल्या पट्ट्यात, चार बॅक मागे उभे असताना कुणी हात लावला, तर फ्री किक द्या आणि पुढे चला. हात मुद्दाम होता म्हणून आपोआप पिवळं, हा नव्या रेफरींचा आवडता गैरसमज. माझाही होता. पहिल्या सीझनमध्ये मी अशी पिवळी कार्डं सढळ हातानं वाटली आणि दुसऱ्या पिवळ्यावर एका मुलाला विनाकारण बाहेर काढलं.

चांगला रंगत आलेला हल्ला अडवला, ज्याला आम्ही एसपीए म्हणतो, तर पिवळं. पण बघा, इथं ‘मुद्दाम’ आत येतो. एरियात हात लागला, पेनल्टी दिली आणि हात मुद्दाम नव्हता, फक्त शरीर मोठं झालं होतं, तर २०२४-२५ पासून कार्ड नाही. पेनल्टी हीच शिक्षा पुरे. त्याच एरियात मुद्दाम हात घातला असेल तर पेनल्टी आणि पिवळं. एरियाबाहेर मात्र मुद्दाम असो-नसो, पिवळंच.

गोल किंवा गोलची उघड संधी अडवली, म्हणजे डॉग्सो, तर तोच जिना एक पायरी वर. मुद्दाम हात असेल तर लाल, मैदानावर कुठंही. मुद्दाम नसेल आणि पेनल्टी दिली असेल तर पिवळं. मुद्दाम नसेल पण एरियाबाहेर घडलं असेल तर लाल, कारण तिथं समोरच्या टीमला हिरावलेली संधी पेनल्टीनं परत मिळत नाही. एरियातली ही सवलत २०२४ मध्ये आली, आणि तिच्यामागचा विचार मला पटतो. बॉल खेळायला गेलेल्या, हात चुकीच्या जागी राहिलेल्या बॅकला आणि गोललाइनवर उभं राहून गोलीसारखा बॉल मारणाऱ्याला एकाच मापानं मोजायचं कशाला?

त्या दुसऱ्या माणसाचं नाव सगळ्यांना माहीत आहे. २०१०च्या वर्ल्ड कपच्या उपांत्यपूर्व फेरीत, एक्स्ट्रा टाइमच्या शेवटच्या क्षणी उरुग्वेच्या सुआरेझनं घानाचा हेडर गोललाइनवर दोन्ही हातांनी ढकलला. पेनल्टी आणि लाल. घानाच्या ग्यानची पेनल्टी क्रॉसबारवर आपटली, मग शूटआउट उरुग्वेनं जिंकलं. आजच्या नियमांतही तिथं लालच आहे. घानावर अन्याय झाला असं वाटणाऱ्यांत मीही आहे, पण रेफरीनं त्या दिवशी देता येण्यासारखं सगळं दिलं होतं.

उघड संधी आहे की नुसता चांगला हल्ला, हे ठरवायला चार गोष्टी बघतात: गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, बॉल ताब्यात राहण्याची किंवा येण्याची शक्यता, आणि बचाव करणाऱ्यांची जागा व संख्या. हँडबॉलमध्ये चौथ्या मुद्द्यात गोलीला मोजायला विसरू नका. वीस मीटरवरून मारलेला फटका एरियाबाहेरच्या बॅकनं हातानं अडवला, पण गोली मागे बरोबर लाइनमध्ये उभा होता, तर ‘गोल अडवला’ असं म्हणणं धाडसाचं आहे. मी तिथं पिवळं देईन. गोली जाग्यावर नव्हता, गोल उघडा होता, बॉल आत जात होता, तर लाल.

हल्ला करणाऱ्या बाजूचंही तेवढंच: हातानं गोल करायचा प्रयत्न केला, जमला किंवा फसला, पिवळं. १९८६च्या वर्ल्ड कपमध्ये हातानं गोल करणाऱ्या मॅराडोनाचा हात रेफरीला दिसला असता तर गोल रद्द झाला असता आणि कार्ड निघालं असतं. ‘चुकून लागला आणि गोल झाला’ यात मात्र नुसती फ्री किक, कार्ड नाही.

दोन सेकंदांत हे सगळं कसं करायचं

उभं कुठं राहता त्यावर अर्धं अवलंबून आहे. बॉल मारणारा आणि अडवणारा एकाच रेषेत दिसत असतील तर हात अंगापासून किती लांब आहे हे कळूच शकत नाही. दोन पावलं बाजूला सरका, दोघांच्या मधली मोकळी हवा दिसली पाहिजे. क्रॉस येताना बॉलकडे बघत राहायची सवय सोडा. बॉल येणारच आहे, तुम्ही तो जिथं पोचणार तिथले हात बघा.

एसएसपीएमएसच्या किंवा डोबरवाडीच्या मैदानावर तुम्हाला व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नाही. शाळांच्या मॅचेसना बऱ्याचदा शिकलेले लाइनमनही नसतात, झेंडा टीमच्याच एखाद्या राखीव खेळाडूकडे असतो. त्याला बॉल बाहेर गेला एवढंच दाखवायला सांगा, हँडबॉल त्याच्यावर टाकू नका. प्रशिक्षित असिस्टंट असतील तर मॅचआधीच ठरवा की तुमची पाठ असेल तेव्हा त्यांनी काय खूण करायची.

आरडाओरडा झाल्यावर एक श्वास घ्या. हात दिसला? कुठला भाग? तिथं का होता? उत्तर मिळालं तर शिट्टी. नाही मिळालं तर नाही. अंदाजानं पेनल्टी देऊ नका. न देण्याचा निर्णयही मोठ्यानं द्या: ‘बघितलं, चालू!’ एवढं पुरतं. समजावत बसलात की दुसरा कॅप्टनही येतो, मग पालक, मग चहावाला.

कार्ड घाईनं काढू नका. पेनल्टीची खूण करा, गर्दीतून दोन पावलं बाहेर या, मग ते दोन प्रश्न. तोवर गुन्हेगाराचा नंबर विसरत नाही ना तेवढं बघा. चिखलात सगळे नंबर सारखेच दिसतात, आणि चुकीच्या मुलाला कार्ड दाखवण्याइतकी शरमेची गोष्ट या कामात दुसरी नाही.

नियम बहुधा दर वर्षी १ जुलैला थोडेफार बदलतात. आपल्याकडे तेव्हा पाऊस असतो आणि शाळांच्या स्पर्धा तोंडावर आलेल्या असतात, म्हणून जूनच्या शेवटी एक संध्याकाळ काढून हे कलम पुन्हा वाचायचं. फोनवरच्या जुन्या क्लिपवरून नियम शिकू नका. २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षी हे कलम हललं, त्यामुळे त्या काळातला बरोबर निर्णय आज चुकीचा असू शकतो.

लाल कार्ड दाखवलं असेल तर रिपोर्ट त्याच दिवशी, आठवण ताजी असताना लिहा. ‘हँडबॉल केला म्हणून लाल’ एवढं लिहून भागत नाही, कारण शिस्त समितीला मैदान दिसलेलं नसतं. असं लिहा: ‘६२व्या मिनिटाला, निळ्या संघाचा ४ नंबर. पेनल्टी एरियात, गोललाइनपासून अंदाजे दोन मीटरवर. गोलकीपर जागेवर नव्हता, बॉल गोलमध्ये जात होता. खेळाडूनं उजवा हात वर नेऊन तळव्यानं बॉल बाहेर ढकलला. मुद्दाम. पेनल्टी दिली, लाल कार्ड दाखवलं.’ आणि खाली, तुम्ही कुठं उभे होतात तेही.